किल्ल्याने दिलेला शब्द

एका लंगड्या गाईपासून सुरुवात करतो.

1854 सालचा ऑगस्ट महिना होता. उत्तर अमेरिकेत, आजच्या वायोमिंग राज्यात, नॉर्थ प्लॅट नदीच्या काठाकाठाने कापडी छताच्या गाड्यांचा एक तांडा पश्चिमेकडे चालला होता. मॉर्मन पंथाची ती माणसे. मागचे घरदार मोडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नवा संसार मांडायला निघालेली. त्यांच्यातल्या एकाची गाय चालून चालून पायांनी अधू झाली होती. ती मागे पडली आणि भरकटत लाकोटा लोकांच्या एका मोठ्या छावणीजवळ गेली. त्या छावणीत पाहुणा म्हणून उतरलेल्या एका माणसाने तिला मारले आणि छावणीने ती खाल्ली. गाईच्या मालकाने जवळचा किल्ला गाठला आणि तेथल्या लष्करी अधिकाऱ्याकडे फिर्याद गुदरली. किल्ल्याचे नाव फोर्ट लॅरमी.

त्या फिर्यादीच्या पायी दुसऱ्याच दिवशी तीसएक माणसांचे प्राण गेले, आणि जी आग लागली ती कधी भडकत, कधी धुमसत 1890 सालापर्यंत विझली नाही. एका गाईपायी एवढे घडावे? पण गाय ही निमित्तमात्र होती. ज्याच्यावरून एवढे रक्त सांडले ती वस्तू गाईहून मोठी होती. तो एक शब्द होता. तीन वर्षांपूर्वी त्याच किल्ल्याच्या साक्षीने दिलेला. आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे हा विषय ठेवतो आहे तो इतिहास उगाळण्यासाठी नव्हे. एक साधा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे आणि त्याचे उत्तर शोधायला याच्याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. प्रश्न असा: जो पाळणे आपल्या हातात नाही असा शब्द माणसाने द्यावा का? आणि देऊन बसला तर पुढे त्याचे काय कर्तव्य उरते?

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा कडा, तट, बुरूज आणि चोरदिंडी येतात. फोर्ट लॅरमी त्या जातीचा नव्हे. लॅरमी नदी जेथे नॉर्थ प्लॅटला मिळते तेथल्या सपाटीवर 1834 साली विल्यम सब्लेट आणि रॉबर्ट कॅम्पबेल या दोन व्यापाऱ्यांनी लाकडी ओंडके उभे रोवून एक आवार केले. सब्लेटच्या नावावरून त्याला फोर्ट विल्यम म्हणू लागले. तट होता तो मालाच्या राखणीसाठी. आत सगळे दुकान. बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची कातडी आणि पुढे बायसनची, म्हणजे तिकडच्या गव्याची, केसाळ कातडी घ्यायची आणि बदल्यात घोंगड्या, भांडी, मणी, बंदुका, दारू द्यायची, हा तेथला व्यवहार. लाकोटांपैकी ओगलाला म्हणून जी शाखा आहे ती त्या खोऱ्यात येऊन राहिली तीच मुळी या दुकानाच्या बोलावण्यावरून. 1841 साली लाकडे कुजली म्हणून आणि शेजारी दुसरे दुकान उभे राहिले म्हणून उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा नवा किल्ला झाला. फ्रान्सिस पार्कमन हा पुढे नावाजलेला इतिहासकार 1846 साली, बावीस वर्षांचा असताना, तेथे उतरला होता. त्याच्या प्रवासवर्णनात या मातीच्या भिंती, आतल्या अंगणातली गर्दी, भिंतीला टेकून बसलेली लाकोटा मंडळी आणि दारात येऊन थडकणारे भांबावलेले गोरे प्रवासी हे सगळे आहे.

हे प्रवासी म्हणजेच या गोष्टीतला दुसरा पक्ष. मिसुरी नदीपासून ऑरेगनपर्यंतची वाट सुमारे दोन हजार मैलांची. बैलांच्या पायांनी ती तुडवायला चारपाच महिने, कधी सहा लागत. तिचा पहिला तिसरा हिस्सा संपला की फोर्ट लॅरमी येई. त्या आधीच्या सहाशे मैलांत घर म्हणावे असे क्वचितच काही दिसे, आणि यापुढे डोंगर. येथे माणसे थांबत. गाडीच्या चाकांच्या धावा लोहाराकडून घट्ट करून घेत, थकलेले बैल बदलत, मागे राहिलेल्यांना पत्रे लिहीत, आणि डोंगर चढायचा म्हणून गाडीतले ओझे कमी करीत. कोणाच्या आजीचे लाकडी कपाट, कोणाची लोखंडी चूल, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे ढीग हे सगळे वाटेच्या कडेला पडलेले 1849 च्या प्रवाशांनी नोंदवून ठेवले आहे. त्या साली कॅलिफोर्नियातल्या सोन्याची हाक आली होती. जेथे 1843 साली हजारभर माणसे गेली तेथून 1850 च्या एका उन्हाळ्यात चाळीस हजारांहून अधिक गेली. त्यांच्याबरोबर पटकी गेली. वाटेवर मेलेल्यांत दहातले नऊ रोगाने मेले. बाकीच्यांतले पुष्कळ नदीत बुडून, चाकाखाली सापडून, आपल्याच बंदुकीचा बार चुकून उडून. 1840 ते 1860 या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून मेलेल्या प्रवाशांची संख्या चारशेच्या आत भरते. प्रवाशांच्या हातून मेलेल्या मूळ रहिवाशांची चारशेच्या थोडी वर. सिनेमातल्या लढाया पाहून आपली जी समजूत होते ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

मी हे मुद्दाम सांगतो. कारण गाड्यांत बसलेली माणसे दुष्ट होती असे म्हटले की प्रश्न फार सोपा होतो. ती दुष्ट नव्हती. एखादी आई वाटेत पोर पुरून, गिधाडांनी आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्या जागेवरून स्वतःचीच गाडी हाकायला लावून, डोळे पुशीत पुढे निघत असे. तिने कोणाची भूमी घेतली? ती तर फक्त चालली होती. तिच्या बैलांनी वाटेतले चार पेंढ्या गवत खाल्ले, तिच्या नवऱ्याने सरपणासाठी नदीकाठचे एक झाड तोडले, तिच्या भावाने एक बायसन मारला. एकेकाचा हिशेब मांडला तर अपराध मूठभरही होत नाही. पण चाळीस हजारांचे चार चार पेंढ्या गवत म्हणजे प्लॅटच्या काठचे सगळे कुरण! त्या कुरणावर बायसन जगत आणि बायसनवर लाकोटा, शायेन, अरापाहो जगत. झाडे संपली, कळप वाटेपासून दूर गेले, आणि 1849 साली पटकीने शायेनांची कुटुंबेच्या कुटुंबे नेली. निरपराध पायांखालीही गवत मरते.

या वाहत्या गर्दीचे रक्षण करण्यासाठी अमेरिकन सरकारने 1849 च्या जूनमध्ये चार हजार डॉलर मोजून तो किल्ला व्यापाऱ्यांकडून विकत घेतला. आणि गंमत पाहा, लष्कराने त्याला तटच घातला नाही. बराकी, बेकरी, तबेले, दवाखाना, अधिकाऱ्यांची दुमजली लाकडी कोठी अशा इमारती मोकळ्या मैदानाभोवती बांधल्या. जुना मातीचा किल्ला पुढे 1862 मध्ये पाडून टाकला. म्हणजे फोर्ट लॅरमीला ऐन उमेदीच्या काळात भिंत नव्हती. शिपाईही एखाद्या वर्षी शंभराच्या खालीच असत. ज्या माळावर हजारो घोडेस्वार योद्धे फिरत होते तेथे असा उघडा किल्ला कशाच्या आधारावर उभा राहिला?

तो शब्दाच्या आधारावर उभा राहिला. पूर्वेकडून येणाऱ्याला तो म्हणत होता, "या, येथून पुढे तुम्हाला भय नाही." आणि माळावरून येणाऱ्याला म्हणत होता, "घाबरू नका, ही माणसे राहायला आलेली नाहीत, नुसती जायला आलेली आहेत." वसाहतीच्या त्या सगळ्या उद्योगात या किल्ल्याने खरी कामगिरी बजावली ती ही. त्याच्या तोफा क्वचित कामी आल्या; शब्द रोज कामी येत होता.

आता हा दुसरा शब्द ज्याच्या तोंडून गेला त्या माणसाकडे वळू. टॉमस फिट्झपॅट्रिक हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, तरुणपणी कातड्यांच्या शोधात डोंगर पालथे घातलेला, एका हाताला बंदुकीचा अपघात होऊन "मोडक्या हाताचा" म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ. 1830 नंतरच्या दशकात हा किल्ला काही काळ त्याच्या आणि त्याच्या भागीदारांच्या मालकीचा होता. 1841 साली पश्चिमेकडे निघालेल्या पहिल्या मोठ्या प्रवासी तांड्याला वाट दाखवणारा तोच. 1846 पासून सरकारने त्याला त्या प्रदेशातल्या टोळ्यांशी व्यवहार करणारा प्रतिनिधी नेमले. त्याची बायको आईकडून अरापाहो होती. माळावर चुकलेल्या एका अरापाहो पोराला त्याने पूर्वी शाळेत घालून शिकवले होते. थोडक्यात, दोन्ही घरची भाकरी खाल्लेला माणूस. लाकोटांचा आणि शायेनांचा त्याच्यावर भरवसा होता आणि तो त्या भरवशाला लायक होता.

त्याच्या आणि त्याचे वरिष्ठ डेव्हिड मिचेल यांच्या खटपटीने 1851 च्या सप्टेंबरात फोर्ट लॅरमीवर परिषद बोलावली गेली. सुमारे दहा हजार माणसे जमली. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी एकाच नदीच्या काठी तंबू ठोकून बसले. त्यांच्या घोड्यांना किल्ल्यापाशी गवत पुरेना, तेव्हा परिषद पस्तीसएक मैल खाली हॉर्स क्रीक नावाच्या ओढ्यावर हलवावी लागली. यातच खरे तर सारे सांगून झाले होते. किल्ल्याभोवतीचे गवत संपले होते. भेटवस्तूंच्या गाड्या वेळेवर पोचल्या नाहीत, तरी लोक अर्धपोटी वाट पाहत बसून राहिले. 17 सप्टेंबरला तह झाला. कोणत्या टोळीची भूमी कोणती हे त्यात मान्य केले गेले. टोळ्यांनी रस्त्यांना आणि लष्करी ठाण्यांना परवानगी द्यायची. अमेरिकन माणसाने आगळीक केली तर सरकारने टोळ्यांचे रक्षण करायचे. टोळीच्या माणसाने आगळीक केली तर टोळीने भरपाई करायची. आणि सरकारने पन्नास वर्षे दरसाल पन्नास हजार डॉलरांचे वर्षासन मालाच्या रूपाने पोचवायचे.

तहाला सही करणाऱ्यांत मिचेल आणि फिट्झपॅट्रिक खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. पण पुढच्याच वर्षी दूर वॉशिंग्टनला सेनेटने पन्नासाचे आकडे खोडून दहा केले. रस्त्यावरची गर्दी कमी करणे तर कोणाच्याच हातात नव्हते. 1853 साली फिट्झपॅट्रिकलाच पुन्हा माळावर जाऊन त्या बदललेल्या आकड्याला संमती मिळवण्याचे काम करावे लागले. त्याच वर्षीच्या आपल्या अहवालात त्याने लिहिले आहे की ही माणसे वर्षातले अर्धे दिवस उपाशी असतात आणि त्यांची पोरे भुकेने रडतात. 1854 च्या फेब्रुवारीत तो वॉशिंग्टनमध्ये वारला. मग सहा महिन्यांनी ती गाय मेली.

आता गाईकडे परत येऊ. ज्या छावणीत ती मारली गेली ती वर्षासनाच्या मालाची वाट पाहत किल्ल्यापासून सुमारे आठ मैलांवर उतरली होती. तिचा मुख्य होता मातो ओयुही. इंग्रज लेखक त्याला "जिंकणारे अस्वल" अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. 1851 च्या परिषदेत सगळ्या लाकोटांचा एकच प्रमुख पाहिजे असा आग्रह धरून मिचेलने ज्याला निवडले तो हाच. लाकोटांत असा सर्वांवर हुकूम चालवणारा राजा कधी नव्हता. त्याने हे पद आनंदाने नव्हे, नाइलाजाने पत्करले होते. गाय मेल्याचे कळताच तो आपण होऊन किल्ल्यावर गेला. भरपाई म्हणून घोडा देऊ केला. तहाच्या अक्षराप्रमाणे आणि आशयाप्रमाणेही एवढेच व्हायला हवे होते. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांना घोडा नको होता, गाय मारणारा माणूस हवा होता. मुख्याने सांगितले, तो आमच्या शाखेचा नाही, पाहुणा आहे, त्याला धरून देणे माझ्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी, 19 ऑगस्टला, जॉन ग्रॅटन नावाचा चोवीस वर्षांचा, लष्करी शाळेतून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेला अधिकारी एकोणतीस शिपाई, दोन तोफा आणि एक दुभाषा घेऊन छावणीवर गेला. दुभाषा प्यालेला होता आणि वाटेल ते बरळत होता. बोलणे फिसकटले, गोळी सुटली, मातो ओयुही जखमी होऊन पडला आणि काही दिवसांनी वारला. ग्रॅटनची तुकडी सगळी कापली गेली. त्या रात्री तट नसलेल्या किल्ल्यात मूठभर शिपाई उरले होते. हजार योद्ध्यांच्या जमावाला तो जाळणे कठीण नव्हते. त्यांनी जाळला नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जनरल हार्नी सैन्य घेऊन आला आणि ब्लू वॉटर नावाच्या ओढ्यावर त्याने ऐंशीहून अधिक लाकोटा मारले. त्यात बायका होत्या, मुले होती.

येथे थोडे थांबून माझ्या प्रश्नाचा विचार करू. दोन माणसे आपल्यासमोर आहेत. दोघांनीही 1851 साली आपापल्या लोकांच्या वतीने शब्द दिला, आणि दोघांच्याही हातात आपल्या लोकांना आवरण्याची शक्ती नव्हती. फिट्झपॅट्रिकला सेनेट ऐकत नव्हते, मातो ओयुहीला परक्या शाखेचा पाहुणा ऐकत नव्हता. आपल्या संसारातही हे घडते. वडीलधारा माणूस वाटणीच्या वेळी भाऊबंदांना सांगतो, "माझी मुले तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कुंपण घालणार नाहीत." तो मनापासून सांगतो. मुले मोठी होतात आणि कुंपण घालतात. म्हाताऱ्याला आपण खोटारडा म्हणायचे का? नाही. पण म्हणून तो मोकळाही झाला असे म्हणवत नाही.

मला वाटते, दुसऱ्यांच्या वतीने शब्द देणाऱ्याचे ऋण तीन प्रकारचे असते. माझी सत्ता कोठे संपते हे त्याने समोरच्याला उघड सांगितले पाहिजे. शब्द मोडला गेला तर "मी काय करू" म्हणून न थांबता आपल्या गोठ्यातून आधी भरपाई काढली पाहिजे. आणि शब्द मोडल्याची शिक्षा दुबळ्याच्या पाठीवर पडणार नाही, एवढे तरी जिवाच्या आकांताने पाहिले पाहिजे. या कसाला लावून पाहा. "हे माझ्या हातात नाही" असे मातो ओयुहीने तोंडावर सांगितले, घोडा पुढे केला आणि पाहुण्याच्या पाठीवरचा वार स्वतःच्या अंगावर घेतला. भल्या फिट्झपॅट्रिकने खरे लिहिले, पण ते अहवालात, वरिष्ठांना. ज्यांना शब्द दिला त्यांना त्याने, "माझ्यावर विसंबू नका, ही गर्दी आम्हाला आवरणार नाही," असे कधी सांगितले का? तसे सांगितले असते तर तह झाला नसता. तो व्हावा असे त्याला वाटत होते, आणि चांगल्या हेतूनेच वाटत होते. भल्या माणसाच्या भलेपणाचा उपयोग असा करून घेतला जातो. ठकाचा शब्द कोणी घेतला नसता. फिट्झपॅट्रिकचा घेतला, कारण तो ठक नव्हता.

कोणी विचारील की, लाकोटांनी तरी ती भूमी कोठून आणली? क्रो आणि पॉनी लोकांना रेटूनच ना? हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण माझा प्रश्न भूमीच्या मूळ मालकीचा नाही, दिलेल्या शब्दाचा आहे. ज्याला मी शब्द दिला तो साधू होता की नव्हता यावर माझे ऋण अवलंबून नसते. दुसरा कोणी म्हणेल की तेव्हा माणसांचा पूरच असा लोटला होता की तो एका किल्ल्याने अडला नसता. हेही खरे. पण पूर अडवता येत नाही आणि पुराला मी जामीन राहतो असे म्हणता येत नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

किल्ल्यावर चांगले क्षणही आले. 1866 च्या मार्चमध्ये, ब्रुले लाकोटांचा नायक स्पॉटेड टेल याची तरुण मुलगी वारली. आपल्याला या किल्ल्याजवळ ठेवावे अशी तिची इच्छा होती. किल्ल्याचा अधिकारी मेनाडियर याने तिला लष्करी मानाने निरोप दिला. लाकोटांच्या रीतीप्रमाणे उंच मचाणावर तिची पेटी ठेवली. ख्रिस्ती धर्मगुरूने प्रार्थना म्हटली. बापाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आणि तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच किल्ल्यावर रस्त्याच्या परवानगीची बोलणी चालू असताना कर्नल कॅरिंग्टन पलटण घेऊन येऊन दाखल झाला. ज्या रस्त्याची परवानगी अजून मिळायची होती त्यावर किल्ले बांधायला! रेड क्लाउड हा ओगलाला नायक बैठकीतून उठून गेला. त्याच डिसेंबरात फेटरमन आणि त्याच्याबरोबरची ऐंशी माणसे मारली गेली. त्या बातमीसह बर्फातून दोनशेहून अधिक मैल घोडा फेकीत जॉन फिलिप्स नावाचा स्वार नाताळच्या रात्री फोर्ट लॅरमीला पोचला, तेव्हा दुमजली कोठीत नाच चालला होता.

दोन वर्षे लढून रेड क्लाउडने ते नवे किल्ले उठवायला लावले, आणि 1868 च्या नोव्हेंबरात फोर्ट लॅरमीवर येऊन दुसऱ्या तहावर खूण केली. ब्लॅक हिल्स या पवित्र डोंगरांसह मोठा प्रदेश लाकोटांचा. त्यातला तुकडाही घ्यायचा तर त्यांच्यातल्या प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांची संमती हवी, असे त्यात लिहिले होते. सहा वर्षांनी, 1874 मध्ये, त्या डोंगरांत सोने सापडले. 1876 साली युद्ध झाले, आणि 1877 च्या फेब्रुवारीत कायदा करून डोंगर काढून घेतले. संमती घेतली ती दहात एकाचीच असेल. तीही शिधा बंद करण्याचा धाक घालून. "भटाला दिली ओसरी" ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ज्याचे घर जाते त्याला हसू येत नाही.

पुढे आगगाडी आली, गाड्यांची वाट ओस पडली, आणि 1890 मध्ये लष्कराने फोर्ट लॅरमी सोडला. इमारतींचा लिलाव झाला. काहींची दारे-खिडक्या गेल्या, काहींत गुरे बांधली जाऊ लागली. 1938 पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केली गेली. दुमजली कोठी अजून उभी आहे. लोक मुलाबाळांसह येतात, पाहतात, जातात.

पण शब्द लिलावात गेला नाही. लाकोटा पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाची पायरी चढत राहिले. 1980 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की, डोंगर घेतले पण त्यांचा न्याय्य मोबदला दिला नाही. शंभर वर्षांच्या व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी. लाकोटांनी ती घेतली नाही. ती पडून राहिली आणि वाढत वाढत शंभर कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली. घेणाऱ्यांच्या वस्त्या देशातल्या अगदी गरीब वस्त्यांत मोडतात. तरी ते म्हणतात, डोंगर विकायला काढलेच नव्हते, मग किंमत कसली घ्यायची?

व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मलाही काही दिवस तसेच वाटत होते. घरात चूल पेटत नसताना तत्त्वाला कवटाळून बसणे शहाणपणाचे कसे? हे विचारण्याचा अधिकार मात्र ज्याची चूल पेटलेली आहे त्याला कितपत आहे, याची शंका येते. आणि विचार करता करता असे वाटू लागले की, माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांनीच देऊन ठेवले आहे. दिलेला शब्द मोडता येतो, विसरता येतो, कायद्याने रद्दही करता येतो. पण ज्याला दिला त्याने तो परत केल्याखेरीज तो देणाऱ्याचा होत नाही. देणाऱ्याच्या हातात तो पाळणे नसेल. घेणाऱ्याच्या हातात तो जपणे असते. तो जपला जातो तोवर ऋण जिवंत राहते आणि ऋण जिवंत आहे तोवर ते फेडण्याची वाटही जिवंत राहते.

दोन दिवसांनी बलिप्रतिपदा. पाटावर बळीचे चित्र काढून आपण त्याची पूजा करू. बटूने मागितली तीन पावले भूमी. वाट मागितल्यासारखेच ते. शुक्राचार्यांनी सावध केले असताही बळीने उदक सोडले, आणि पावले वाढत वाढत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापून उरली तेव्हा तिसऱ्या पावलासाठी त्याने स्वतःचे मस्तक पुढे केले. त्या कथेत मागणारा देव होता. त्यामुळे शेवटी बळीला सुतळाचे राज्य मिळाले आणि देव त्याच्या दारी राखण करीत उभा राहिला, असे म्हणता येते. नॉर्थ प्लॅटच्या काठी मागणारी माणसेच होती आणि कोणी कोणाच्या दारी राखणीला उभे राहिले नाही. पण एक गोष्ट मला विलक्षण वाटते. जिंकले वामनाने, आणि शेकडो वर्षे आपल्या आयाबहिणी दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना राज्य येवो म्हणतात ते बळीचे. शब्द पाळून हरलेल्याच्या बाजूने लोकांच्या मनाने आपला कौल कधीच दिला आहे.

परवा ताटातली निरांजने उचलताना त्या उघड्या माळावरच्या, तट नसलेल्या किल्ल्याची आठवण मला होईल. आणि त्याबरोबर आपण स्वतः कोणाकोणाला, कोणाकोणाच्या वतीने, किती शब्द देऊन बसलो आहोत याचाही हिशेब एकदा मनाशी मांडावासा वाटेल. वर्षाची जमाखर्चाची वही आपण याच दिवशी नवी उघडतो. जुन्या वहीतली ही बाकी तेवढी विसरून न जाता पुढे ओढून घ्यावी.